चढाला गाडी मरते, फिल्टर बदलूनही पुन्हा तेच: फीड पंपाचं प्रेशर कसं तपासायचं

सपाट रस्त्याला गाडी नीट चालते. स्लोला (पॅडल न देता) ठोका एकसारखा. उभ्या गाडीला रेस दिली तर इंजिन पूर्ण वर जातं. पण माल भरून घाट लागला की अर्ध्या चढावर ताकद निघून जाते. पॅडल तळाला टेकवलं तरी गाडी मरत जाते, तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात आणावी लागते. काळा धूर नाही, आवाज नाही. वर पोचून पंधरा मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नव्हतं. डिझेल फिल्टर बदलला की आठवडाभर बरं वाटतं, मग परत तेच.

ज्यांच्या गाडीला हे होतंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्या दहाचाकीने मला पाच महिने असंच दमवलं. शिरोलीहून कास्टिंग भरून चाकणला टाकायचं आणि येताना फाउंड्रीसाठी स्क्रॅप आणायचं, हा माझा नेहमीचा फेरा. पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिरवळ सुटलं, सातारा जिल्ह्यातलं खंडाळा मागे पडलं की खंबाटकीचा चढ. जाताना बोगद्यातून सुटका व्हायची, येताना मात्र भरल्या गाडीने घाट चढावाच लागायचा. त्या वळणांवर गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकायला लागली आणि मागे गाड्यांची रांग लागली, की स्टिअरिंगवरच्या माणसाच्या जिवाचं काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

या पाच महिन्यांत मी कापडी आणि कागदी दोन्ही फिल्टर तीनदा बदलले. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढून तपासले, टिपा नव्या टाकल्या. शेवटी नोझलना डिझेल देणारा अख्खा मोठा पंप उतरवून कॅलिब्रेशनला दिला. पंपवाल्याने बेंचवर लावून सहाही लाईनचं माप दाखवलं, सगळं बरोबर. पंप परत बसवला, आणि पुढच्याच फेरीला खंबाटकीत गाडी त्याच वळणाला मेली.

तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, ती आधी सांगतो. बेंचवर पंप बेंचच्या टाकीतलं डिझेल खातो. ते डिझेल त्याला बेंचच्या पाइपातून, बेंचच्या प्रेशरने मिळतं. तुमच्या गाडीची टाकी, टाकीतली सक्शन नळी, चेसिसवरचा पाईप, रबरी होज, यातलं काहीही तिथे तपासलं जात नाही. पंप निर्दोष निघाला याचा अर्थ एवढाच, की पोटात डिझेल आलं तर तो काम करतो. डिझेल येतंय का, हे गाडीवरच, आणि तेही लोडवर, मोजावं लागतं.

डिझेल पंपापर्यंत येतं कसं

हे इनलाईन पंपाच्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे सगळ्या सिलिंडरचे प्लंजर एका रांगेत असलेला पंप, ज्याला आपल्याकडे अजून मायको पंप म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्येच बॉश झालं, पण गॅरेजमध्ये मायको काही पुसलं गेलं नाही. या पंपाच्या कुशीला बाहेरून जो छोटा पंप नटांवर बसवलेला असतो, ज्याच्यावर हाताने एअर काढायचा प्रायमर असतो, तो फीड पंप. काही इंजिनांना हा ब्लॉकवर वेगळा असतो आणि त्यात पडदा असतो, त्याला जुने मिस्त्री एसी पंप म्हणतात. काम एकच: टाकीतून डिझेल ओढायचं, फिल्टरमधून ढकलायचं आणि मोठ्या पंपाची गॅलरी, म्हणजे त्याच्या आतली डिझेलची पोकळी, भरलेली ठेवायची.

प्लंजरच्या फीड पंपाची एक खुबी आहे आणि सगळं निदान तिच्यावर उभं आहे. मोठ्या पंपाची कॅमशाफ्ट प्लंजरला फक्त एका दिशेने रेटते. परत आणते ती स्प्रिंग. आणि डिझेल फिल्टरकडे ढकललं जातं ते या स्प्रिंगच्या परतीच्या स्ट्रोकला, त्याच वेळी मागच्या बाजूने टाकीतून नवं डिझेल ओढलंही जातं. म्हणजे ढकलणं आणि ओढणं दोन्हीचा भार त्याच एका स्प्रिंगवर. टाकीच्या बाजूने ओढायला जड गेलं, की तेवढा जोर ढकलण्यातून कमी होतो. म्हणून प्रेशर कमी दिसलं की फीड पंप खराब, असं म्हणून नवा फीड पंप टाकणाऱ्यांचे पैसे अनेकदा वाया जातात. पंप बिचारा पूर्ण ताकदीने काम करत असतो, त्याचा गळा दुसरीकडे कुठेतरी आवळलेला असतो.

दुसरी गोष्ट. फीड पंपाच्या पुढे प्रेशर असतं, तिथे वायसर (वॉशर) खराब असला तर डिझेल बाहेर झिरपतं आणि धूळ चिकटून काळा डाग पडतो, तो डोळ्याला दिसतो. फीड पंपाच्या मागे, टाकीपर्यंत, प्रेशर नसतं, ओढ असते. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी एअर घेते आणि खाली थेंबही पडत नाही. कोरडी जागा बघून "इथे लिकेज नाही" म्हणणं या बाजूला चालत नाही.

काय लागतं

एक प्रेशर गेज, ० ते ४ किलोचं. मोठ्या रेंजचं घेऊ नका. दहा-बारा किलोच्या गेजवर दीड किलोला काटा जेमतेम हलतो, त्यात ०.३ चा फरक कळणार नाही, आणि आपल्याला तोच बघायचाय. ग्लिसरीन भरलेलं मिळालं तर तेच घ्या, कारण प्लंजर पंप धक्क्या-धक्क्याने ढकलतो आणि साध्या गेजचा काटा इतका थरथरतो की आकडा वाचता येत नाही. गेजच्या आधी एक छोटा कॉक लावून तो जेमतेम उघडा ठेवला तरी थरथर शांत होते.

एक व्हॅक्यूम गेज, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये वाचणारं, ० ते ७६०. लोक प्रेशरचं गेज लावतात आणि हे सोडून देतात. माझ्या मते दोघांत हे जास्त महत्त्वाचं आहे.

दोन टी, म्हणजे बँजोच्या (पोकळ बोल्टने आवळायचा पाइपाच्या टोकाचा गोल जोड) जागी बसणारे. हायड्रॉलिक होज बनवणाऱ्या दुकानात जुना बँजो बोल्ट नेऊन दाखवा, धागा मोजून टी आणि लांब बोल्ट करून देतात. तीन-चार मीटर डिझेलला चालणारा बारीक होज. नवे तांब्याचे वायसर, मूठभर. एकदा दाबला गेलेला वायसर परत बसवू नका, विशेषतः ओढीच्या बाजूला. आणि दोन फूट पारदर्शक नळी, बुडबुडे बघायला.

सगळं मिळून मला नोझलच्या एका सेटपेक्षा कमी खर्च आला.

कुठे लावायचं

प्रेशर गेज मोठ्या पंपाच्या गॅलरीच्या तोंडाशी, म्हणजे दोन्ही फिल्टरच्या पुढे. इथे जे मिळतं तेच पंपाच्या वाट्याला येतं. फिल्टरच्या डोक्यावर एअर काढायचा स्क्रू असतो, तिथेही लावता येतं, पण मग तुम्ही कोणत्या फिल्टरच्या आधी आहात आणि कोणत्या नंतर हे आधी ओळखून ठेवा.

व्हॅक्यूम गेज फीड पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाशी. बऱ्याच फीड पंपांना आत येताना छोटी जाळी किंवा वाटी असते. ती गेज लावण्याआधी काढून धुवा, कारण गेज जाळीच्या मागे बसतं आणि जाळी तुंबली असेल तर ते त्याला दिसणार नाही. माझ्या जाळीत गंजाची पूड होती, नखावर घेतली तर वीट घासल्यासारखी लाल. ती साफ करून फरक पडेल असं वाटलं होतं, पडला नाही. पण पूड टाकीतून येतेय एवढं कळलं.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. आजूबाजूला बिडी-सिगारेट नको. जोडणी झाली की प्रायमर मारून एअर काढा आणि प्रत्येक जोड फडक्याने कोरडा पुसून घ्या, म्हणजे नंतर ओल दिसली तर ती नवी आहे हे कळेल.

गेजचा होज केबिनमध्ये घेऊ नका. डिझेल भरलेली नळी मांडीजवळ आणि खाली तापलेलं इंजिन, हा धोका कुणी घेऊ नये. मी होज मडगार्डच्या बाजूने वर घेतला आणि दोन्ही गेज क्लिनर बाजूच्या आरशाच्या दांड्याला तारेने बांधली. काचेतून स्पष्ट दिसतात. सायलेन्सर आणि पंख्यापासून होज लांब राहील असा बांधा. प्रेशरचं गेज पंपापेक्षा दोन मीटर वर असेल आणि होज डिझेलने भरलेला असेल, तर आकडा सुमारे ०.१६ बारने कमी दिसतो, तेवढं मनात धरा.

वाचन कोण घेणार हे आधी ठरवा. चालवणाऱ्याने गेजकडे बघायचंच नाही. दुसरा माणूस वही-पेन घेऊन बसेल, तो मोठ्याने आकडा सांगेल आणि लिहील.

आकडे

बॉशच्या इनलाईन पंपाच्या गॅलरीत साधारण १ ते २.५ बार प्रेशर धरतात. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तो शेवटचा, कारण जादा डिझेल टाकीत परत सोडणारा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह कितीवर उघडतो ते पंपागणिक बदलतं. किलो आणि बार या कामापुरते सारखेच. जुन्या गेजवर पीएसआय असेल तर १४.५ ने भागा.

आधी इंजिन बंद ठेवून प्रायमर मारा. प्रेशर चढलं पाहिजे आणि हात सोडल्यावर काही वेळ टिकलं पाहिजे. चढतं आणि लगेच खाली येतं, तर फीड पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा ओव्हरफ्लो उघडा राहतोय. प्रायमर मारताना हातालाही कळतं: मोकळं डिझेल येत असलं की ठोका भरीव लागतो, हवा येत असली की पोकळ, आणि मागे कुठे तुंबलं असलं की बटण वर यायला कुरकुरतं, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं.

मग स्लोला, मग पूर्ण रेसवर. इथे बहुतेकांची गाडी पास होते, आणि इथेच बहुतेक जण गेज काढून ठेवतात. कृपा करून काढू नका. उभ्या गाडीला रेसवर इंजिन फारसं डिझेल खातच नाही. पंपात आलेलं बरंचसं ओव्हरफ्लोमधून टाकीत परत जातं. चढावर पूर्ण पॅडलला ते डिझेल खरोखर जळतं, तेव्हा कमतरता उघडी पडते. शिवाय गाडी तासभर चाललेली असली पाहिजे. थंड गाडीवर घेतलेलं वाचन माझ्या बाबतीत तीनदा खोटं ठरलं.

लोडवर चढाला गॅलरीत १ बारच्या खाली गेलं तर मी तपास पुढे नेतो. व्हॅक्यूम पूर्ण रेसवर १०० मिलिमीटरच्या आत असावं. त्याच्या वर सरकलं की टाकी ते फीड पंप यांच्यामध्ये काहीतरी अडतंय.

दोन्ही गेज एकत्र वाचली की उत्तर बरंचसं समोर येतं. प्रेशर कमी आणि व्हॅक्यूम जास्त, म्हणजे मागे तुंबलंय, फीड पंपाला हात लावू नका. प्रेशर कमी आणि व्हॅक्यूमही जवळपास नाही, म्हणजे फीड पंप ओढतच नाहीये किंवा डिझेलऐवजी हवा ओढतोय. तिथे पारदर्शक नळीचा तुकडा लावा. एअर काढल्यानंतर स्वच्छ धार दिसली तर पंप थकलाय, बुडबुड्यांची माळ दिसली तर मागचे जोड बघा.

फिल्टरवर संशय असेल तर गेज फीड पंपाच्या बाहेर येणाऱ्या तोंडाशी लावून तोच घाट पुन्हा चढा. फिल्टरच्या आधी आणि नंतर ०.३५ बारपेक्षा जास्त फरक आला तर फिल्टर तुंबलाय. नसेल तर फिल्टर बदलणं थांबवा.

प्रेशर सगळीकडे कमी, पण टाकीत परत येणारी धार जोरदार, असं असेल तर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग बसलेली असते. इंजिन स्लोला ठेवून परतीचा रबरी पाईप क्षणभर चिमटीने दाबा. प्रेशर झटकन वर गेलं तर पंप शाबूत आहे, व्हॉल्व्ह बदला. हा व्हॉल्व्ह छोटा, स्वस्त, आणि सगळ्यात कमी वेळा तपासला जाणारा भाग आहे. मी पाहिलंय, स्प्रिंगमागे दोन वायसर टाकून ती कडक करतात. असं करू नका, नवा टाका.

आणि दोन्ही गेज घाटात बरोबर असून गाडी मरत असेल, तर डिझेल सोडा. काळा धूर येत असेल तर हवा बघा: एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज. पॅडल तळाला टेकल्यावर पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते बघा, लिंकेज झिजून अर्ध्यातच थांबणाऱ्या गाड्या असतात. एक्झॉस्ट ब्रेकचा पडदा अर्धा अडकलेला नाही ना, ते बघा. ब्रेक चिकटून ड्रम हाताला भाजतोय का तेही.

माझ्या गाडीत काय निघालं

त्या दिवशी गाडीत दहा टनांच्या वर स्क्रॅप होतं. शेजारी आमचे मिस्त्री वही घेऊन बसले. शिरवळला प्रेशर १.६, व्हॅक्यूम ६०. घाट सुरू झाला तेव्हा १.५ आणि ९०. मिस्त्री आकडे सांगत होते, मी रस्त्यावर नजर ठेवून ऐकत होतो.

"दादा, प्रेशर तेवढंच हाय, पण ही खालची सुई सरकाय लागली. दीडशे."

गाडी अजून ओढत होती. पायाखाली काहीच फरक नव्हता. पुढच्या वळणाला ते म्हणाले, दोनशे चाळीस, प्रेशर १.२. मग तीनशे पन्नास, प्रेशर ०.५, आणि त्यानंतर मला पॅडलखाली ती ओळखीची पोकळी जाणवली. क्रम लक्षात घ्या: आधी व्हॅक्यूम चढलं, मग प्रेशर पडलं, मग ताकद गेली. पाच महिने मी फक्त तिसरी गोष्ट बघत होतो.

घाटमाथ्यावर जागा बघून गाडी बाजूला घेतली. टाकीचं झाकण सैल केलं. झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं असेल तर सैल करताना फुस्स करून हवा आत जाते. काही आवाज आला नाही. इंजिन बंद केल्यावर व्हॅक्यूमची सुई हळूहळू शून्यावर आली, जवळजवळ अर्ध्या मिनिटात. म्हणजे पूर्ण बंद नव्हतं, बारीक वाट होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला थंड गाडीवर रेस दिली, व्हॅक्यूम ७०. सगळं नीट. मिस्त्रींनी शहाणपणाची गोष्ट केली: "गाडी आधी तापवून आणू." वाठारपर्यंत जाऊन आलो, इंजिन बंद न करता पूर्ण रेस दिली, व्हॅक्यूम १४०. आता उभ्या गाडीवरही दोष दिसायला लागला. मग व्हॅक्यूमचं गेज मागे सरकवत न्यायचं ठरवलं. फीड पंपाजवळ १४०. चेसिसचा स्टीलचा पाईप संपून रबरी होज सुरू होतो, तिथे टी लावून पुन्हा तेवढीच रेस: ४०. म्हणजे टाकी, तिची जाळी, सक्शन नळी, स्टीलचा पाईप, सगळे सुटले. शंभर मिलिमीटर त्या दोन फुटी होजमध्येच जात होतं.

होज बाहेरून चांगला होता. चीर नाही, ओल नाही, क्लिप घट्ट. हातात घेतल्यावर मधोमध थोडा मऊ लागला, एवढंच. ब्लेडने उभा कापला. आतला काळा थर एका जागी तीन बोटं लांब सुटला होता आणि जिभेसारखा पंपाच्या दिशेला लोंबत होता. भिजलेल्या चामड्यासारखा, नख रुतत होतं. जीभ उचलून धरली तर मागे काडेपेटीची काडी जाईल एवढी फट.

थंड असताना ही जीभ भिंतीला चिकटून राहायची. इंजिनच्या उष्णतेने मऊ झाली आणि चढावर ओढ वाढली की वाटेत आडवी यायची. उभं केलं की ओढ संपायची, जीभ परत जागेवर. फिल्टर बदलल्यावर आठवडाभर बरं का वाटायचं, तेही कळलं असं मला वाटतं: फिल्टरच्या कामात दरवेळी तो होज काढून घातला जायचा, त्यात ती दाबून बसत असणार.

हा होज दोन वर्षांपूर्वी रस्त्यात फाटला म्हणून एका दुकानातून मापाचा मिळाला तो टाकला होता. तो डिझेलचा नव्हताच. पाण्याचं, हवेचं साधं रबर डिझेलमध्ये फुगतं आणि सुटतं. डिझेलला नायट्राइल रबराचा, जाळी विणलेला होज लागतो, आणि होजवर इंधनाचा असं छापलेलं असतं. छपाई नसेल तर घेऊ नका. आतलं भोक स्टीलच्या पाइपाएवढंच हवं, वळण मोठं ठेवा, सायलेन्सरपासून हातभर लांब. नवा टाकून त्याच घाटात परत वाचन घेतलं: चढाला प्रेशर १.५, व्हॅक्यूम ७०. गाडी तिसऱ्यात वर गेली.

इतर गाड्यांना जे निघालेलं पाहिलंय

टाकी अर्ध्याच्या खाली गेली की मरते आणि भरली की बरी होते, तर टाकीतल्या सक्शन नळीला वरच्या भागात बारीक चीर किंवा गंजाचं भोक असतं. डिझेल त्याच्या खाली उतरलं की नळी हवा ओढते. नळी बाहेर काढून एक टोक बोटाने बंद करून पाण्यात फुंका, बुडबुडा दिसेल.

रात्रभर उभी राहिली की सकाळी प्रायमर मारल्याशिवाय सुरू होत नाही, तर ओढीच्या बाजूला बारीक फट आहे किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह डिझेल धरून ठेवत नाहीत. प्रायमरचं बटण पूर्ण आवळलेलं आहे का तेही बघा, तिथूनही हवा जाते.

बॅरलमधून किंवा कॅनने डिझेल भरणाऱ्या गाड्यांच्या टाकीत प्लास्टिकचं सील, चिंधी, पानसुद्धा निघालंय. ते तरंगत येऊन नळीच्या तोंडाला चिकटतं, इंजिन बंद झालं की सुटतं. लक्षणं अगदी माझ्या होजसारखीच. पावसाळ्यानंतर टाकीचा खालचा बोल्ट काढून पाणी आणि गाळ सोडून द्या.

एक गोष्ट मात्र टाळू नका. फीड पंपाचा दांडा झिजला की डिझेल त्याच्या कडेने मोठ्या पंपाच्या तळात उतरतं. पंपाला इंजिनचंच ऑइल येत असेल तर ते डिझेल थेट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी न भरता वाढली असेल, पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. इथे प्रश्न चढाच्या ताकदीचा राहत नाही, बेअरिंग जातात.

नव्या गाड्यांबद्दल

कॉमन रेल गाड्यांना, म्हणजे जिथे सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून (रेल) डिझेल मिळतं, वर लिहिलेलं जसंच्या तसं लावू नका. धुराचे नियम बघा: बीएस ४ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालं, बीएस ६ एप्रिल २०२० पासून, आणि बीएस ६ च्या ट्रकांत इनलाईन पंप दिसणार नाही. रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं. चालू इंजिनवर तिकडचा नट सैल केला तर सुईएवढी धार कातडी फोडून आत जाते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आतून हात सडतो. असं कुणाला झालं तर दुखो न दुखो, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. या गाड्यांची कमी प्रेशरची बाजू, म्हणजे टाकी ते फिल्टर, तेवढीच मॅन्युअलमधल्या जागेवर मोजा. रेलचं प्रेशर स्कॅनरवर वाचता येतं, ते पाना लावून बघायची गोष्ट नाही.

मी माझ्या गाडीला व्हॅक्यूमचा टी तसाच ठेवलाय, तोंडाला बंद प्लग आणि नवा तांब्याचा वायसर. फीड पंपाजवळ पिवळ्या रंगाने शेवटचं वाचन लिहिलंय. तुमचा मिस्त्री लांब असेल आणि फोनवर विचारायचं असेल, तर "गाडी ओढत नाही" एवढ्यावर त्याला काही सांगता येणार नाही. हे आकडे हातात घेऊन फोन लावा: स्लोला प्रेशर, पूर्ण रेसवर प्रेशर, भरल्या गाडीने चढाला प्रेशर, त्याच वेळचं व्हॅक्यूम, आणि तेव्हा टाकीत डिझेल किती होतं.